आठ जीबीची सहा कार्डं

४ डिसेंबर, गुरुवार

दुपारी स्टुडिओत एका माणसाचा पासपोर्ट फोटो कापत होतो. फोन वाजला आणि ऋतुजा म्हणाली, "भूषण, तुझ्या कॅमेऱ्याला कार्ड कोणतं लागतं रे?" तिथून सगळं बदललं. लिहून ठेवतोय, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की याच्या डोक्यात आधीपासूनच होतं. डोक्यात नव्हतं. म्हणजे होतं, पण झोपलेलं होतं.

त्या माणसाचा कान कापला गेला. फोटोतला. प्रवीणकाका बोंबलले. स्टुडिओ त्यांचा, कात्री त्यांची, बोंबलू दे.

कॉलेज सोडल्यापासून ऋ.चा फोन म्हणजे दिवाळीचा मेसेज, तोही सगळ्यांना एकच. आज आवाज. त्यांच्या टी.वाय. बॉटनीची टूर मालवणला चाललीय, चार दिवस, समुद्राचं शेवाळ गोळा करायला. बरणीत घातलं की शेवाळाचा रंग जातो म्हणून जागेवरच फोटो हवेत, आणि मॅडमना फोनचे चालत नाहीत, भिंतीवर लावायचेत. डिपार्टमेंटच्या कॅमेऱ्याला बुरशी आली. बॉटनीवाल्यांच्या कॅमेऱ्याला बुरशी. बरं झालं.

मी म्हणालो, कार्डाचं नंतर बघू, कॅमेरा चालवणार कोण?

"ते मॅडम ठरवतील ना."

५ डिसें.

मॅडमचा निकाल, ऋ.च्या तोंडून: "कॅमेरा सोपा असेल तर मुलीच काढतील. अवघड असेल तर त्या मुलाला सोबत घेऊ."

त्या मुलाला! दोन वर्षं पहिल्या बाकावर बसलो यांच्या. लॅबवाल्या सरांनी माझं जर्नल सगळ्यांसमोर फेकलं तेव्हा या बाई शेजारीच उभ्या होत्या, मायक्रोस्कोप पुसत. त्या दिवशी उठून आलो तो परत गेलो नाही. नाव विसरल्या. असो.

म्हणजे कॅमेरा अवघड पाहिजे. एवढंच.

संध्याकाळी विचार करून ठरवलं. कॅमेरा काकांच्या स्टुडिओतला जुना, ते टाकणार होते, मी घेतला. त्याला ३२ जीबीपर्यंतचं कार्ड चालतं, त्यावरचं ओळखत नाही. ३२ चं एक घातलं तर चार दिवस झाकण उघडायलाच नको, शेंबडं पोरगंही बटण दाबेल. पण ८ जीबीची घेतली, आणि मोठ्या वजनदार फाइलीवर सेटिंग ठेवलं, तर अर्धी सकाळ जायच्या आत कार्ड भरतं. मग काढा, दुसरं घाला, भरलेलं कोणतं रिकामं कोणतं ते सांभाळा, वाळू लागू देऊ नका. सहा कार्डं. हे करणार कोण? मीच.

आणि दर वेळी ती माझ्याकडे येणार. ओल्या हाताने. "भूषण, संपलं रे."

ऋ.ला सांगितलं, या कॅमेऱ्याला फक्त ८ चीच लागतात. सहा. मी आणतो. तू पडू नको त्यात.

६ डिसें.

काकांकडे ८ चं कार्ड मागितलं.

"आठ? अल्या, आठवाळा तो क्यारना मरी गया." मग, "छ शू करवा छे? एक बत्तीसनुं लई ले ने."

म्हटलं, मेली असतील, पण सहाच पाहिजेत म्हणजे पाहिजेत. ड्रॉवरच्या तळातून दोन निघाली, लग्नाच्या शूटिंगच्या जमान्यातली, एकावर 'हळद' लिहिलेलं पेनने. पितळी पट्ट्या काळ्या पडलेल्या. खोडरबरने घासल्या. चालतात.

काका माझ्याकडे बघत होते, चहा बशीत ओतत. "छोकरी छे?" मी कार्डं खिशात टाकली. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, तिघंही हसली. लाज नाही माणसाला.

७ डिसें., रविवार

वापी. चार हवीत. दहा दुकानं फिरलो असेन, सगळीकडे ६४, १२८, त्याच्या वर. एक मेला म्हणतो, "आठ जीबी? भाई, म्यूज़ियम में पूछो।" मी म्हटलं, तुला कशाला ठेवलंय मग दुकानात, शोकेसला? त्याचा भाऊ आतून आला. निघालो.

शेवटी स्टेशनच्या बाजूला एका म्हाताऱ्याकडे मिळाली, धुळीच्या पाकिटात, चार. "ओरिजिनल छे?" विचारलं तर म्हणतो, "जे छे ते छे." ही काय गॅरंटी झाली? पण घेतली. एवढ्या उन्हात फिरून रिकामा गेलो असतो तर कोणाचा तरी मुडदा पाडला असता.

परत येताना रिक्षात आठ जण. शेजारचा सारखा खांद्यावर झोपत होता. सायली गावातल्या सुताच्या कंपनीतला असणार, कपड्यांना तो धाग्याच्या तेलाचा वास, आमच्या आप्पांना येतो तसाच. उठवलं नाही.

९ डिसें.

कार्डं तपासली. तपासायचं म्हणजे भरून बघायचं, लेबलवर भरवसा नाही. घरात पंख्याचे फोटो, आईचे भाकरी थापतानाचे, गल्लीतल्या बकरीचे, आमच्या टोकरखाड्याच्या सगळ्या गच्च्यांवरच्या सगळ्या टाक्यांचे.

म्हाताऱ्याच्या चारांतलं एक खोटं निघालं. लेबल ८, आत पाव भागसुद्धा नाही. कॅमेरा भरल्याचं सांगत नाही, काढत राहतो, आणि नंतर बघावं तर अर्धी बकरी आणि पुढे सगळं करडं. कळलं नसतं तर मालवणच्या अर्ध्या शेवाळाची अशी वाट लागली असती.

आई: "काय करी ऱ्हायना रे भाऊ, त्या बकरीले काय इतकं देखानं?"

"टेस्टिंग."

"तिनी टेस्टिंग कशाले? तुनी कर."

परत वापी. म्हातारा म्हणतो, "तमे ज बगाड्युं हशे." मी बिघडवलं! एवढा ओरडलो की बाजूचा वडेवाला मध्ये पडला. बदलून दिलं. त्याचं तोंड असं झालं होतं की मीच चोर. नवीन तिथेच उभा राहून भरून बघितलं, त्याच्याच दुकानाचे फोटो काढून काढून. कितीतरी वेळ. गिऱ्हाईक येईना त्याचं. खरं निघालं.

सहा झाली.

१० डिसें.

कॉलेजच्या गेटवर कॅमेरा दाखवायला गेलो. वॉचमन: "आय-कार्ड?" हाच माणूस माझ्याकडून तंबाखू घ्यायचा. बाहेर उभा राहिलो, भिंतीला टेकून.

ऋ. आली, सोबत चिराग. तोच तो, प्रॅक्टिकलला तिच्या शेजारी बसायला रोल नंबर बदलून घेणारा. मामाचं मोबाइलचं दुकान आहे म्हणून सगळ्या विषयात हुशार. खिशातून १२८ चं कार्ड काढलं. "भूषणभाई, ये डाल ना. छह-छह कायको?"

घातलं. म्हटलं घालच. स्क्रीनवर: हे कार्ड वापरता येणार नाही.

असं सुख मला बारावीच्या निकालालासुद्धा झालं नव्हतं.

"६४?"

"नाही."

"अरे ३२ तो चलेगाच."

"नाही म्हटलं ना. ८ च. माझा कॅमेरा आहे, मला माहीत नसेल?"

चिरागने कार्ड परत खिशात घातलं. ऋ. माझ्याकडे बघत राहिली, ओठ दाबून, हसू आवरल्यासारखी. मग म्हणाली, "बापरे, फारच अवघड आहे हो कॅमेरा. मॅडमना सांगते."

ते बघणं. दिवसभर तेच डोळ्यांसमोर. काकांनी दोनदा हाक मारली म्हणे.

११ डिसें.

मॅडम हो म्हणाल्या!!! नाव यादीत नाही, 'फोटोग्राफर' म्हणून. गुरुवारी १८ ला सकाळी बस वापीला सोडणार, पुढे ट्रेन.

काकांकडे सुट्टी मागितली. "ना." मग राजीनामा, म्हटलं. "शेनो राजीनामो, तने राख्यो छे कोणे?" ठेवलंय कोणी तुला, म्हणे! दिली मग सुट्टी. कुरकुरत.

मालवणला सांगणार तिला. कसं ते ठरलं नाही. चौथ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी सांगितलं आणि नाही म्हणाली तर चौथा दिवस कुठे घालवायचा.

१४ डिसें., रविवार

जे झालं तसंच लिहितो.

ऋ.ने घरी बोलावलं होतं, सरकारी क्वार्टर्समध्ये. कॅमेरा एकदा बाबांना दाखव म्हणाली, अनोळखी मुलगा सोबत येतोय तर त्यांनी बघितलेलं बरं. बाबा म्हणजे सर, शाळेत गणित शिकवतात, मूळ गाव कणकवलीकडे. घर असं स्वच्छ की चप्पल काढली तरी पाय घाण वाटतात.

"या चिरंजीव. कॉलेज सोडलंत म्हणे?"

हो.

"काय करता?"

फोटो.

"फोटो काढता की फोटो कापता?" काकांच्या स्टुडिओत येऊन गेलेत वाटतं. आतून काकी, तिची आई, हसल्या. मी हसलो नाही. ऋ.ने चहा आणला, डोळ्यांनी सांगत होती, राहू दे.

मी सहा कार्डं टीपॉयवर मांडली आणि समजावलं. का ८ ची, का सहा, भरलेलं उलटं ठेवायचं, रिकामं सुलटं. छान बोललो. सर ऐकत होते, मान हलवत होते. मग उठले, कपाटातून आपला जुना छोटा कॅमेरा काढला, गावच्या गणपतीचे फोटो काढतात तो, आणि त्यातलं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं.

३२.

"हे घाला बघू."

"नाही चालणार सर."

"घाला तर. नाही चाललं तर तुमचंच खरं होईल."

काय करणार होतो? कार्डाच्या बाजूला बारकी खिट्टी असते, खाली सरकवली की कार्डाला कुलूप लागतं. घालता घालता नखाने सरकवली. कोणाला दिसलं नसतं. स्क्रीनवर आलं, कार्ड लॉक आहे.

म्हटलं, बघा, नाही घेत.

सरांनी चष्मा वर केला, जवळ आले, कार्ड बाहेर काढलं, खिट्टी वर केली, परत घातलं. आणि माझ्याच कॅमेऱ्याने माझ्याच तोंडाचा फोटो काढला. फोटो आला. कोपऱ्यात उरलेल्या फोटोंचा आकडा, हा एवढा मोठा.

"अगो ऋतू, फार सोपा आहे गो कॅमेरा. ह्यांना कशाला उगाच त्रास? तूच काढ."

वर म्हणाले, "कॉलेज सोडून ही हातचलाखी शिकलात होय?"

तिथे गप्प बसायला पाहिजे होतं. नाही बसलो. म्हणालो, तुम्हाला एवढं येतं तर तुम्हीच जा ना मुलीबरोबर. नाहीतरी पाळतच ठेवायची आहे. नोकरी लागली म्हणून इथे येऊन बसलात, आणि आम्ही कंपनीवाल्यांची पोरं म्हणजे चोर.

हे कोणी म्हणालंच नव्हतं. चोर वगैरे. माझ्या तोंडून ते का आलं माहीत नाही.

सर म्हणाले, "झालं बोलून?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला अजून बोलता आलं असतं. काकी दारात उभ्या होत्या, ओल्या हातांनी. ऋ. जमिनीकडे बघत होती. मी कार्डं गोळा केली, एक टीपॉयखाली गेलं, गुडघ्यावर बसून काढावं लागलं. सगळ्यांसमोर. त्या म्हाताऱ्याचं असतं तर सोडून दिलं असतं, 'हळद'वालं होतं.

१५ डिसें.

फोन नाही. मी केला नाही. का करू? मी काय खोटं बोललो, एका कार्डाबद्दल? लोक बायकोला वयाबद्दल खोटं सांगतात.

आईला थोडं सांगितलं. जेवायला वाढता वाढता थांबली. "मास्तरले असं बोलना तू?" ताट ठेवून निघून गेली. वरण नाही वाढलं.

काकांना म्हटलं सुट्टी रद्द. ते काही बोलले नाहीत. रोज बोलतात, आज नेमके नाहीत.

१६ डिसें.

दुपारी ऋ. स्टुडिओत. काका जेवायला गेले होते. मला वाटलं कॅमेरा मागायला आली, म्हणून आधीच म्हणालो, नाही देणार.

"मागितला का मी?"

मग काउंटरला टेकून, हळू आवाजात, एकेक शब्द:

"३२ चालतं हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नेटवर दोन मिनिटं लागली."

मी: मग बोलली का नाहीस?

"तू कशासाठी करतोयस ते कळत होतं म्हणून. आणि मॅडमना कोणी सांगितलं, कॅमेरा फार अवघड आहे, तो मुलगा लागेलच? मी. माझ्या तोंडाने खोटं बोलले मी, भूषण. तुझ्यासाठी."

म्हणालो, पण सर पण काय कमी बोलले?

"बघ. अजून 'सर पण'." डोळ्यांत पाणी होतं, पण रागाचं. "बाबांनी तू गेल्यावर काय म्हटलं माहितीय? हा मुलगा हुशार आहे, कार्ड उलटं-सुलटं ठेवायची युक्ती चांगली आहे. आईने म्हटलं, त्याला परत बोलवा, रागात गेलाय. बाबा उठले पण होते. मीच नको म्हटलं."

"का?"

"कारण तू पाळत म्हणालास. माझ्या बाबांना. मला मालवणला एकटीला जाऊ देणाऱ्या बाबांना."

एक बाई फोटो काढायला आली. मी म्हटलं थांबा, ती म्हणाली घाई आहे. त्या बाईवर ओरडलो. ऋ.ने मान हलवली, अशी, की बघ.

जाताना विचारलं, कॅमेऱ्याचं काय? मी येऊ का नको?

"कॅमेरा तुझा आहे. गुरुवारी उजाडता उजाडता कॉलेजच्या गेटवर बस लागेल. मॅडमना मी काही सांगितलेलं नाही. बाबा सोडायला येणार आहेत."

ये म्हणाली नाही. नको म्हणाली नाही. हे काय बोलणं झालं? माणसाने सरळ सांगावं.

त्या बाईचे फोटो फुकट काढून दिले. मोठे.

१७ डिसें.

सकाळी ठरवलं, जाणार नाही. खड्ड्यात गेलं शेवाळ.

दुपारी ठरवलं, कॅमेरा चिरागकडे देणार, तो नेऊन देईल. मग डोळ्यांसमोर आलं, समुद्रावर ती म्हणतेय, "चिराग, हे कसं रे?" चिरागला फोन केला, कट केला, त्याचा परत आला, ब्लॉक केला.

संध्याकाळी आप्पा कंपनीत जायला निघाले, नाइट आहे. डबा भरता भरता आईने सगळं सांगितलेलं दिसतंय. दारात बूट घालत म्हणाले,

"तुले राग येस. माले बी येस. सुपरवायझर माले रोज पोऱ्यांसमोर बोलस. मंग मी काय मशीन सोडी देस का?"

म्हटलं, तुम्ही सोडायला पाहिजे होतं कधीच.

आप्पा एक बूट हातात घेऊन बघत राहिले माझ्याकडे. "सोडं व्हतं. एक डाव. नंदुरबारले. म्हणीसन तर आठे उनू." मग दुसरा बूट घातला आणि गेले.

तिथलं काम असं सोडलं म्हणून इकडे आले, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं कामासाठी आलो आपण सगळे इकडे.

मग काकांकडे गेलो. शटर ओढत होते. ३२ चं एक द्या म्हणालो. म्हटलं आता टोमणा येणार. काकांनी नुसतं पाकीट फाडलं, कार्ड स्वतः त्यांच्या कॅमेऱ्यात घालून बघितलं, फॉरमॅट करून दिलं. "सारुं छे. जा." बस, एवढंच. मला राग आला की आज तरी काहीतरी बोला.

१८ डिसें., गुरुवार. अजून अंधार.

आंघोळ झाली. बॅग भरली आहे, चार दिवसांची. भरली म्हणजे जाणारच असं नाही.

डाव्या खिशात ३२ चं. उजव्या खिशात सहा, डबीत, सगळी सुलटी.

३२ चं दिलं तर माझं काम संपलं. कॅमेरा तिच्या गळ्यात, मी गेटबाहेर, वॉचमनशेजारी. सहा दिली तर मॅडमसमोर ती खोटी पडणार, कारण सहा कशाला हे मॅडम कधीही विचारतील आणि सर तिथेच उभे असतील.

सरांना काय म्हणायचं? रात्रभर पाच वाक्यं जुळवली, सगळ्यांत शेवटी 'पण' येतंय. पण तुम्ही मला चिरंजीव म्हणालात. पण तुम्ही सगळ्यांसमोर. पणच्या आधी थांबायचं, एवढं जमलं तर. नाही जमणार. मला ओळखतो मी. ते चष्मा वर करतील आणि माझं डोकं फिरेल.

आप्पा आत्ताच आले, बूट न काढता आडवे झालेत. आईने चहा ठेवलाय, विचारत नाही कुठे निघालास, दोन कप का एक तेवढं विचारलं.

उठतो. कॅमेरा गळ्यात घातला. बॅग खांद्यावर घेतली. परत खाली ठेवली. घेतली.

वही आईच्या साड्यांखाली टाकतोय. बाहेर पडलो की दार लावायचं, आपटायचं नाही. आप्पांना आत्ताच डोळा लागलाय.